अण्णांची रोमन बेरीज

अर्धांगवायूच्या झटक्यातून माझे वडील, आमचे अण्णा, सावरले. हात चालू लागला, बोलणं सुधारलं, बेरीज मात्र गेली ती गेलीच. आकडे ओळखायचे, पण एकाखाली एक मांडले की हातच्यापाशी अडकायचे आणि वही भिरकावून द्यायचे. उभा जन्म होटगीला रेल्वेत काढलेला माणूस. बाकी कशाचं काही नाही, रमी सुटली याचंच दुःख. देवळाच्या पारावर चार म्हातारे रोज जमत. पैसे लावत नसत. ज्याच्या अंगावर जास्त गुण चढतील त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. आपले गुण आपल्याला मोजता येत नाहीत तर पानं हातात धरायचीच कशाला, असा अण्णांचा हेका. माझ्यासारखाच, एकदा धरला की सुटत नाही.

त्याच सुमारास माझ्या लेकीनं विचारलं, रोमन लोक XXVIII मध्ये XVII कसे मिळवत असतील? मला काय ठाऊक! शोधलं तेव्हा कळलं, त्या अक्षरांवर ते बेरीज करतच नसत. अक्षरं उत्तर लिहून ठेवायला. बेरीज व्हायची रेघा मारलेल्या फळीवर, खड्यांनी.

म्हटलं, हे अण्णांना जमेल. फरशीवर खडूनं घरं आखली: एक, पाच, दहा, पन्नास. पुढ्यात चिंचोके ओतले. अठ्ठावीस मांडले, त्यांतच सतरा मिसळले. एकाच्या घरात पाच जमले की ते उचलायचे आणि पाचाच्या घरात एक ठेवायचा. तिथं दोन झाले की दहाच्या घरात एक. हातचा नाही, पाढे नाहीत, शून्याचीही कटकट नाही. अण्णा बराच वेळ सरकवत बसले.

"पंचेचाळीस. व्हय की न्हाय?"

मला रडूच आलं. ते मात्र म्हणाले, "लई सोपं हाय की. शाळंत उगंच मार खाल्ला."

या मोजणीवर हात बसल्यावर ते घरं आखलेली पाटी आणि चिंचोक्यांची पिशवी घेऊन पारावर गेले. संध्याकाळी त्यांच्याच डावातले शेजारचे काका त्यांना सोडायला आले, दारातूनच म्हणाले, "पयल्याच दिवशी अण्णा जिंकले बघा." मी लगेच शिरा करायला घेतला.

अण्णांनी ताटली बाजूला सारली. काका गेल्यावर म्हणाले, "हरलो हुतो मी. परत परत मांडून बघितलं. सगळ्यात जास्त माज्यावरच हुते. त्यांनी खेळाच्या वहीत माजे कमी लिवले."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ल्हान पोराला जिंकवत्यात तसं जिंकवलं मला. चहा मी पाजायचा हुता."

मी म्हटलं, जाऊ द्या, प्रेमानंच केलं असेल. ते म्हणाले, व्हय, प्रेमानंच. पारावर ते पुन्हा कधी गेले नाहीत.

माझाच राग येतो मला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. ती बेरीज इतकी पक्की शिकवली नसती, तर त्या संध्याकाळी त्यांनी शिरा मागून घेतला असता आणि दुसऱ्या दिवशी खेळायला गेले असते.