लिफ्टच्या दारात

अमेरिकेत वुस्टरमधल्या आमच्या जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टला हाताने ओढायची लोखंडी जाळी होती. जाळी लावली तरच लिफ्ट हलायची, उघडी असली की जागेवरच. आम्हा मराठी माणसांना ती फार सोयीची. शेजारच्या श्रूजबरी गावाहून जेवायला आलेले मित्र 'येतो' म्हणून उठायचे आणि खऱ्या गप्पा तिथून पुढे सुरू व्हायच्या, एकाने जाळीत पाय अडकवून. खालचे शेजारी दार बडवत, ते वेगळं.

माझे बाबा तर दारातच बोलणारे. माझं लग्न ठरताना सासरी अख्खी दुपार मूग गिळून बसले आणि निघताना चपला घालता घालता म्हणाले, "आमची मुलगी नोकरी सोडणार नाही हं." महत्त्वाचं असं त्यांनी कधी बसून सांगितलंच नाही.

आई गेल्यावर मी त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावलं. आता कायमचं इथेच राहाल का, असं विचारायचं होतं. ते आले आणि थोड्याच दिवसांत लिफ्ट बंद झाली. जुनी लिफ्ट नव्या सुरक्षा नियमांत बसत नव्हती म्हणे. मॅनेजरने खाली कागद चिकटवला, महिनाभरात नवी लिफ्ट. महिना उलटला, कागद बदलला. मग तोही उलटला. कधी पार्ट आला नव्हता, पार्ट आला तर बसवणारा माणूस नव्हता, दोन्ही आले तर इन्स्पेक्टर सुट्टीवर.

आम्ही पाचव्या मजल्यावर आणि बाबांचे गुडघे पार गेलेले. पुण्यात रोज पहाटे टेकडीच्या पायथ्यापर्यंत फिरून येणारा माणूस खिडकीशी बसून पार्किंग लॉटमधल्या गाड्या बघायचा. मी मॅनेजरशी फोनवर भांड भांड भांडले. "सेफ्टी फर्स्ट, मॅम," एवढंच त्याचं पालुपद. पाचव्या मजल्यावर कोंडून ठेवलेला म्हातारा सेफ असणारच की! फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे, बाबांना दिसायला नको म्हणून.

राहण्याचं विचारलं की बाबा म्हणत, "बघू." असल्या कैदेत ठेवून आग्रह तरी कुठल्या तोंडाने करणार?

लिफ्ट सुरू झाली ती त्यांच्या जाण्याच्या आठवड्यात. चकचकीत, आपोआप सरकणारी दारं. फार वेळ धरून ठेवली की कर्कश बीप बीप सुरू व्हायचं आणि मग दार हळूहळू जोर लावून मिटायचंच. तोही म्हणे नियमच.

जायच्या दिवशी आमच्या छोटीला सणसणून ताप. ती आत झोपलेली, त्यामुळे मी घरीच थांबणार होते. नवरा बॅगा घेऊन खाली गाडीपाशी गेला होता. बाबा लिफ्टमध्ये शिरले, वळले, दारावर हात ठेवला आणि घसा खाकरला. मला कळलं, आता बोलणार.

"मी काय म्हणतो..."

बीप सुरू झालं. त्या आवाजाने आत छोटी उठून किंचाळायला लागली.

"बाबा, मोठ्याने बोला!"

दार त्यांच्या हाताला रेटत सरकलं. त्यांनी दचकून हात काढला. फटीतून ओठ हलताना दिसले आणि दार मिटलं. मी वेड्यासारखी बटण दाबत राहिले, पण लिफ्ट खाली निघून गेली. आत लेक रडत होती, तिला टाकून जिन्याने धावणार कशी?

पुण्याला पोचल्यावर त्यांचा फोन आला. मी आधी तेच विचारलं, "लिफ्टमध्ये तुम्ही काय सांगत होतात?"

"काही नाही गं. गॅसवर दूध ठेवलं असशील, उतू जाईल, एवढंच म्हणत होतो."

बाबा पुन्हा आले नाहीत. पुढच्या वर्षी गेलेच.

इथलं दूध तापवावं लागत नाही. दूध तापवत नाही, साय धरत नाही, चहाला चव नाही, अशी बाबांनी सहा महिने रोज कुरकुर केली होती. माझ्या घरात गॅसवर दूध कधी चढतच नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.