वस्ताद आणि निळा पंप

औषधवाल्याला वस्तादांबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांची बायको कधी गेली, ते शाळेत कितवीपर्यंत शिकले, त्यांना गोड आवडायचं की तिखट, यातलं काहीच त्याला सांगता आलं नसतं. समोरासमोर दोन दुकानं, मधे बारा पावलांचा रस्ता आणि अकरा वर्षांचा शेजार. एवढ्या काळात एकच गोष्ट त्याला पक्की माहीत झाली होती. वस्तादांना दमा आहे आणि त्यांना निळा पंप लागतो.

वस्ताद न्हावी होते. दुकानात खुर्च्या दोन, पण एकीवर कायम वर्तमानपत्रांची रास बसलेली. हात हलका, जीभ त्याहून हलकी. गिऱ्हाईक बसलं की किस्सा सुरू, आणि किस्सा शेवटाला आला की वस्ताद कात्री बाजूला धरून थांबायचे, कारण गदगदा हसणाऱ्या माणसाचा कान जायला वेळ लागत नाही. स्वतः मात्र कधी हसायचे नाहीत. ओठ घट्ट मिटून आरशात बघत राहायचे. लोक म्हणायचे, काय कसलेला गडी आहे! औषधवालाही तेच समजायचा.

तो स्वभावाने भिडस्त. वस्ताद आधी महिन्याला एक निळा पंप न्यायचे, मग पंधरवड्याला, मग आठवड्याला. हे लक्षण बरं नाही, एवढं त्याला कळत होतं. निळा पंप धाप लागली की तेवढ्यापुरत्या श्वासनळ्या मोकळ्या करतो. आतली सूज कमी करून दमा ताब्यात ठेवायचं काम तपकिरी पंपाचं, आणि तो रोज घ्यायचा असतो. डॉक्टरांनी तो लिहून दिला होता, वस्तादांनी एकदा नेलाही होता. पुन्हा मागायला आले नाहीत. विचारावं, असं दर खेपेला औषधवाल्याच्या ओठांवर यायचं. पण जाणत्या माणसाला आपण काय शिकवणार, असं वाटून तो पिशवी पुढे करायचा आणि म्हणायचा, "आणखी काही?"

एके दिवशी सकाळी वस्तादांची लेक त्याच्या काउंटरसमोर येऊन उभी राहिली. ती परगावी असायची.

"काका, तुम्ही तरी सांगा बाबांना. जिना चढताना तिसऱ्या पायरीला थांबतात. मी महिन्याची मुदत दिलीय. असंच राहिलं तर दुकानाला कुलूप आणि थेट माझ्या घरी."

"तिथे काय करतील?"

"बसतील निवांत."

"बसतील!" मागून वस्ताद आले. "अंड्यांवर बसायला मी कोंबडी आहे का?" आणि एवढं बोलून तेच खोकायला लागले.

दुपारी औषधवाला केस कापायला गेला. केस फारसे वाढले नव्हते. आज बोलायचंच, असं मनाशी घोकत तो खुर्चीत बसला, वस्तादांनी गळ्याभोवती चादर बांधली, आणि अर्धं डोकं होईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. बाकावर पोस्टमन नंबर लावून बसला होता. तेवढ्यात वस्तादांना धाप लागली. त्यांनी खिशातून निळा पंप काढला, हात लांब केला, डोळे मिटले आणि वीतभर अंतरावरून उघड्या तोंडाच्या दिशेने फुस्स, फुस्स, फुस्स. गिऱ्हाइकाच्या केसांवर पाणी मारतात ना, अगदी तसं. आरशात औषधवाल्याला दिसलं, औषध भुरभुरत जाऊन मिशीवर बसलं.

"वस्ताद, हे काय करताय?"

"औषध घेतोय."

"कुणासाठी? मिशीसाठी?"

"तरीच मिशी एवढी टवटवीत!" पोस्टमन म्हणाला.

"अकरा वर्षं असंच घेताय?"

"मग कसं घेणार? रोज पंचवीस डोक्यांवर फवारा मारतो मी. माझा हात चुकायचा नाही."

औषधवाल्याने आरशात स्वतःकडे पाहिलं. अकरा वर्षं पिशव्या दिल्या आणि एकदाही 'घेऊन दाखवा' म्हटलं नाही. तो अर्ध्या डोक्यानिशी, चादर गळ्यात तशीच ठेवून उठला.

"बसा खुर्चीत."

"मी?"

"तुम्हीच. पंप हलवा. श्वास पूर्ण सोडा. नळी दातांमध्ये धरा, ओठ मिटा. आता सावकाश श्वास ओढायला लागा, आणि ओढता ओढता एकदाच दाबा. धरून ठेवा!"

त्याने दहापर्यंत मोजलं. पोस्टमननेही भाबडेपणाने श्वास धरला आणि आठाला लालबुंद झाला.

वस्तादांनी हळूच श्वास सोडला. डोळे विस्फारले. "अहो, हे तर छातीत गेलं!"

"तिथेच जायचं असतं ते. आणि तपकिरी कुठाय?"

तो कंगव्यांच्या खणात निघाला. "एकदा धाप लागली तेव्हा मारून पाहिला. ढिम्म! बिनकामाचा आहे."

"धाप लागल्यावर मारायचा नसतोच तो. रोज सकाळ-संध्याकाळ, धाप असो नसो. वर खळखळून चूळ भरायची." त्याने तारीख पाहिली. मुदत केव्हाच उलटून गेली होती. "हा टाका. उद्या आधी डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी तपासून नवा तपकिरी पंप दिला. हात आणि श्वास यांचा मेळ जमेना, म्हणून पंपाला लावायचा प्लॅस्टिकचा पोकळ स्पेसरही दिला. औषधवाला रोज सकाळी रस्ता ओलांडून दारात उभा राहायचा. "घेऊन दाखवा." वस्ताद गिऱ्हाइकांना सांगायचे, "थांबा, आमच्या सासूबाई आल्या." तिसऱ्या आठवड्यात निळा पंप खिशातून बाहेर निघायचा बंद झाला.

महिना भरला आणि लेक आली, तेव्हा औषधवाला वस्तादांच्याच दारात उभा होता. "काका, खरं सांगा. निळे पंप किती नेले यांनी?"

"त्या दिवसापासून एकही नाही," औषधवाला म्हणाला. आणि का कोण जाणे, त्याला पुढेही बोलावंसं वाटलं. "त्या दिवशी गडबडीत मी अर्ध्या डोक्यानेच दुकानात परतलो. संध्याकाळी एक बाई आल्या. केसगळतीचं औषध मागितलं. माझ्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, राहू द्या."

वस्ताद हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्चीची पाठ धरून ते मोठ्याने खो खो हसत सुटले. डोळ्यांतून पाणी आलं. लेक धावली, औषधवाल्याचा हात वस्तादांच्या खिशातल्या निळ्या पंपाकडे गेला. सगळे खोकल्याची वाट बघत राहिले. खोकला आलाच नाही.

"हसलं की धाप लागायची," वस्ताद डोळे पुसत म्हणाले. "म्हणून तोंड मिटून राहायचो."

"बाबा," लेक म्हणाली, "तुमचे सगळे दात मी आज पहिल्यांदा पाहिले." तिने कुलपाचा विषय पुन्हा काढला नाही. संध्याकाळच्या गाडीने एकटीच परतली.

त्यानंतर सहा वर्षं वस्तादांची कात्री चालत होती. औषधवाल्याच्याच डोळ्यांना बारीक अक्षरं दिसेनाशी झाली, त्याने दुकान दुसऱ्याला दिलं आणि बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी तो केस कापायला गेला. बोलायचं बरंच होतं. पण बाकावर तिघं खोळंबली होती.

"कल्ले कुठपर्यंत ठेवू?"

"नेहमीसारखे."

"मान जरा खाली घ्या."

"घेतली."