चतकोर गोळी

रंगनाथ विहिरी फोडायचा. त्या दुष्काळात पाथर्डीच्या बाजूला जो तो आपली विहीर खोल करायला निघाला होता, आणि तळाशी उतरून सुरुंगाला बत्ती द्यायला रंगनाथासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. खडकात भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि लोखंडी डोलात बसून 'ओढ!' म्हणून आरोळी ठोकायची. काठावर यारी, म्हणजे दगड-माणसं वर ओढायचा मोठा रहाट. त्यावर काकासाहेब. काकासाहेबाच्या हातात रंगनाथाचा जीव, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

अशा माणसाला भीतीनं गाठावं ते कुठं? विहिरीत गाठलं असतं तर निदान समजलं असतं. गाठलं तिसगावच्या बाजारात, वांगी निवडताना! एकाएकी छाती धडधडायला लागली, हातापायाला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता मरतो, एवढं एकच त्याला कळत होतं. हातातली वांगी टाकून तो जो सुटला तो वेशीबाहेर लिंबाखाली जाऊन पडला. पाव तासानं सगळं ओसरलं, पण चार दिवसांनी ते पुन्हा आलं आणि मग येतच राहिलं.

नगरच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, काळीज ठणठणीत आहे म्हणाले, आणि पिवळ्या गोळ्या दिल्या. "पंधरा दिवस घ्या आणि परत दाखवा."

गोळीनं गुण आला. गुण आल्यावर परत दाखवायला जातो कोण? रंगनाथानं डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवली आणि औषधाच्या दुकानदारापुढे वर्षभर तीच नाचवली. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. चंचीत सुपारीशेजारी गोळ्यांची पुडी असायची. कुणी विचारलंच तर 'पित्ताची हाय' म्हणून मोकळा. कारण ही गोष्ट फुटली तर संपलं. भेदरट माणसाच्या हाती बत्ती कोण देणार? आणि बत्ती गेली तर रंगनाथाकडे उरतं काय, नुसते दगड उचलणं. लोक काय म्हणतील, या एका विचारानं त्या माणसानं स्वतःला वर्षभर पोखरलं. मला तर त्याचा रागच येतो.

एक दिवस सहा वाती पेटवून तो वर आला. काठावरून आवाज मोजायचे, सगळे झाल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, हा धंद्याचा पहिला नेम. रंगनाथ गोळीच्या गुंगीत होता. "झालं सगळं," म्हणत तो डोलात पाय टाकणार, तोच काकासाहेबानं त्याची मुंडी धरली.

"पाचच झाले, रंगा! कुठं हाय ध्यान तुजं?"

तेवढ्यात सहावा उडाला. डोल हादरला, धुरळा तोंडावर आला.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, साळूबाईला, आणि आईला सगळं सांगून टाकलं. आई गोजरबाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. "मग सोड ती गोळी! मढीला चल आन् नाथाच्या पायावर सोड. तुज्या बापानं तंबाखू तितंच सोडली, मरस्तोवर शिवला न्हाई."

आमच्याकडे सोडणं ही साधी गोष्ट नसते. देवापुढे सोडलं म्हणजे सोडलं, त्यात थोडं-फार चालत नाही. रंगनाथ मढीला गेला, कानिफनाथांच्या समाधीवर पुडी ठेवली, 'आता तोंडात घालणार न्हाई' म्हणाला आणि रेवड्या घेऊन खुशीत गड उतरला.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की भाकरीचा घास तोंडापर्यंत जाईना. घामानं अंथरूण भिजायचं. झोप नाहीच. साळूबाईनं भांडं खाली ठेवलं तरी तो दचकून उठायचा. भीती तर आता दिवसातून पाच-सहा वेळा यायची, पहिल्यापेक्षा दुप्पट. तो अंगणात येरझारा घालायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. घरातल्या कुणालाच त्यानं बूड टेकू दिलं नाही. साळूबाई दुकानातून गोळी घेऊन आली, तर यानं दात आवळले.

"नाथाला सबूद दिलाय!"

"अवं, जीव जायाची येळ आलीया!"

"जाऊ दे!"

शेवटी तिनं त्याला दंडाला धरून एसटीत बसवलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी शिव्याच घातल्या. "एकदम तोडायला ही काय तंबाखू आहे? अहो, एवढ्यानं फेफरं येतं माणसाला. दैव म्हणून वाचलात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुन्हा सुरू करायची आणि मी सांगेन तशी उतरवायची. तिनाच्या अडीच, मग दोन. शेवटी अर्धी, मग चतकोर. चार-पाच महिने लागतील. आणि भीती आली तर पळायचं नाही. जागेवर बसायचं, श्वास सावकाश सोडायचा. ती चढते तशी उतरते. तिनं माणूस मरत नाही."

पटलं सगळं. पण शब्दाचं काय? घरी आल्यावर गोळी पुढ्यात ठेवून रंगनाथ तिच्याकडे नुसता बघत बसला. हात लावीना. गोजरबाईनं हे पाहिलं. तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि मोटार धरून एकटी मढीला गेली. दिवस कलता परत आली.

"सांगून आले नाथाला. म्हनलं, एकदम सोड म्हनून मीच हट्ट धरला हुता, चूक माजी हाय. पोरगं सोडनारच हाय, पर चतकोर चतकोर सोडंल."

"मंग? नाथ काय म्हनले?"

"कायबी न्हाई म्हनले. नको म्हनायचं असतं तर म्हनले नसते व्हय? घे मुकाट्यानं."

रंगनाथानं गोळी घेतली आणि आईपुढेच ढसाढसा रडला.

मग सुरू झालं ते चिवट काम. साळूबाई अडकित्त्यानं गोळीचे तुकडे करायची, भुगा झाला तर बोटानं टिपून द्यायची. प्रत्येक वेळी गोळी कमी केली की आठवडाभर रंगनाथ कावराबावरा. कधी तिच्यावर खेकसायचा, कधी माफी मागायचा. एकदा चतकोरावरून पुन्हा अर्ध्यावर जावं लागलं, तेव्हा दोन दिवस तो कामावरच गेला नाही. या दिवसांत बत्ती दुसराच कुणी द्यायचा. रंगनाथ काठावर दगड सारायचा आणि पित्त लई झालंय म्हणून सांगायचा.

पाचव्या महिन्यात गोळी बंद झाली. त्यानंतर तीन आठवडे गेले आणि रंगनाथ बत्ती द्यायला पुन्हा विहिरीत उतरला.

भोकं भरून झाली होती. काडीपेटी हातात घेतली, आणि छाती धडधडायला लागली. मुंग्या आल्या. वरचं आभाळ परातीएवढं दिसत होतं. तो खडकावर बसला. श्वास सावकाश सोडला. चढते तशी उतरते, असं मनाशी म्हणत राहिला. पण उतरेना, आणि हात इतका कापत होता की या हातानं वात पेटवणं म्हणजे मरण. बत्ती न देता वर जावं, तर काकासाहेब विचारणार. पित्त म्हणून सांगावं? जीभ त्या शब्दावर आली आणि रंगनाथाला स्वतःचाच संताप आला.

"काकासाहेब, ओढ वर!" तो ओरडला. "बत्ती दिल्याली न्हाई. मी भ्यालोय!"

डोल सरसर वर आला. काकासाहेबानं त्याला हात देऊन काठावर घेतलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. रंगनाथ मान खाली घालून बसला. पित्त नव्हतं, गोळ्या होत्या, वर्षभर होत्या, सगळं त्यानं सांगितलं. आता हा हसणार, आणि उद्या गावभर होणार.

काकासाहेबानं तोंडातली कोरी बिडी काढून कानावर खोचली. मग म्हणाला, "बारा वरसं झाली, मी यारी सोडून कदी खाली उतरलोय का?"

"न्हाई."

"खाली नुसतं वाकून बगितलं तरी माजं पाय गळत्यात. लोकास्नी सांगतो, गुडघा दुखतोय."

रंगनाथ त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. दोघंही तसेच काठावर बसून राहिले.

अर्ध्या तासानं हाताचा कंप थांबला. त्यानं हात पुढे धरून दोनदा खात्री केली आणि डोलात जाऊन बसला.

"गेलं का भ्या?" काकासाहेबानं विचारलं.

"न्हाई," रंगनाथ म्हणाला, "पर आता ते तुला ठावं हाय. सोड खाली."