कुंपणापलीकडची अंगणवाडी

हर्षला खालापूरजवळच्या एका कागद कारखान्यात पर्यावरण विभागात लागली, तेव्हा गावात कौतुक झालं तसे टोमणेही मिळाले. कारखान्याचं स्वतःचं वीजघर होतं आणि त्याची घरघर दिवसभर चालायची. "आता काय, तू त्यांचीच झालीस गं," बायका म्हणायच्या.

आवाज मोजणं हे तिच्याच कामात होतं. मीटर घेऊन ती ठरलेल्या जागी उभी राही: फाटक, वजनकाटा, कँटीनची भिंत. आकडे नेहमी मर्यादेत येत. त्यात खोटं काही नव्हतं. पण या सगळ्या जागा रस्त्याच्या बाजूला होत्या आणि वीजघर मागे, डोंगराच्या अंगाला.

एकदा चौकच्या बाजारात तिला भाग्यश्री भेटली. दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. भाग्यश्री आता कुंपणामागच्या ठाकूरवाडीत अंगणवाडी चालवत होती. तिचा आवाज पार चिरका झाला होता.

"घसा बसलाय?"

"बसलाय कसला, कायमचा राह्यलाच आलाय! तुमच्या वीजघरापुढं वरडून वरडून. तू मोजतेस ना आवाज? मग एकदा माज्या वर्गात येऊन मोज की."

दुसऱ्या दिवशी हर्षला मीटर घेऊन अंगणवाडीत गेली. भाग्यश्री गाणं शिकवत होती आणि पोरं तिच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती. मीटरचा आकडा वस्तीच्या मर्यादेच्या कितीतरी वर होता.

वीजघराचे प्रमुख देवेश सर ऐकून वैतागले. "आपली जबाबदारी कुंपणापर्यंत."

"सर, थोडा वेळ तिथं बसून बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

ते आले खरे, पण घड्याळ बघतच. चटईवर बसून त्यांनी एका मुलाला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा सांगितलं. ओठ हललेले तेवढे दिसले. इतक्यात बॉयलरची वाफ किंचाळत सुटली. लहानगी पोरं भाग्यश्रीच्या मांडीकडे धावली, मोठ्यांनी कुणी न सांगता कानांत बोटं घातली.

परत येताना देवेश सर फाटकाशी थांबून म्हणाले, "उद्या वीजघराचे पंखे एकेक करून बंद करतो. तू अंगणवाडीत मीटर घेऊन थांब, फोनवर सांग."

"आता?" दुसऱ्या दिवशी ते विचारत होते.

"तेवढाच आहे, सर."

"आता?"

"थोडा उतरला."

मग बॉयलरचा धूर ओढणारा मोठा पंखा थांबला आणि हर्षला बोलायचंच विसरली.

"अगं, सांग ना!"

"सर, वाडीतला कोंबडा ऐकू आला."

त्या पंख्याचं बेअरिंग झिजलं होतं. ते बदललं, पंख्याभोवती आवाज शोषणारी पेटी बसवली. पहिली पेटी उष्णतेनं तडकली आणि वाडीत लोक म्हणाले, झालं, सोंग संपलं. पण दुसरी टिकली. वाफेच्या नळीवर सायलेन्सर चढला. अंगणवाडीच्या भिंतीवर कायमचं मीटर लागलं, आकडा कुणालाही दिसेल असं.

आता भाग्यश्री साध्या आवाजात हाका मारू लागली. सगळी पोरं वळत. एक सोमी तेवढी मातीशी खेळत राही. आधी सगळ्यांचंच खुणांनी चालायचं, त्यामुळे सोमीचं वेगळेपण कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हर्षला, हिला ऐकूच येत नाय गं," भाग्यश्री रडवेली झाली.

दोघी सोमीला आणि तिच्या आईला, ठकीला, घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. ठकीनं कारखान्याला दोष दिला. डॉक्टर म्हणाले, "हे जन्मापासूनचं दिसतंय. पण वेळेत आणलंत. यंत्र लावलं तर बोलायला शिकेल."

कानातलं यंत्र आलं, तेव्हा सोमीनं दोनदा ते उपटून फेकलं. तिसऱ्यांदा ठकीनं तिला मांडीवर घेतलं आणि हळू म्हटलं, "सोमे."

सोमी थांबली. तिनं आईच्या ओठांवर हात ठेवला.

"आनखी बोल गं," भाग्यश्री म्हणाली, "थांबू नको."

आणि ठकी बोलत राहिली: शेळीचं, चुलीचं, बापाचं, जे सुचेल ते.

उन्हाळ्यात दुसरा पंखा जोडीला लागतो तेव्हा भिंतीवरचा आकडा अजूनही चढतो. मग वाडीतून हर्षलाला फोन येतो. ती उचलते आणि देवेश सरांच्या खोलीकडे निघते.