वहिनींची तोंडी परीक्षा

वहिनींना इंग्रजी येत नाही असं सरकारचं म्हणणं होतं, आणि सरकार काही उगाच बोलत नाही. आता रोज सकाळपासून दुपार कलेपर्यंत त्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्याकोताऱ्यांशी इंग्रजीतच बोलायच्या, त्यांना उठवायच्या, आंघोळ घालायच्या, भरवायच्या, रुसलेल्यांची समजूत काढायच्या, ही गोष्ट वेगळी. म्हातारे त्यांचं ऐकायचेही. तिथली मॅनेजर तर म्हणायची, या बाईसारखं आमच्या लोकांशी कुणीच बोलत नाही. पण कचेरीतल्या साहेबाला लागायचं प्रमाणपत्र, आणि ते द्यायचा अधिकार म्हाताऱ्यांना नव्हता.

नियम तसा साधा होता. नवऱ्यापाठोपाठ या परक्या देशात आलेल्या बायकोला इथे काही वर्षं राहू द्यायचं. पुढे कायमचं राहायचं तर तोंडी परीक्षा पास व्हायची, नाहीतर आलात तसे परत जा. नवरा आणि मुलगी खुशाल राहोत, त्यांच्याबद्दल सरकारची काही तक्रार नव्हती. वहिनी एकदा नापास झाल्या होत्या आणि परवान्याची मुदत संपायच्या आत आता एकच संधी उरली होती. "आई परत गेली तर माझी वेणी कोण घालणार?" असं लेकीने एकदा जेवताना विचारलं, तेव्हा दादा पाणी आणायला उठले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

दादा म्हणजे वहिनींचे यजमान. त्यांना परीक्षा द्यावी लागली नव्हती. ते आले तेव्हा हा नियमच नव्हता, त्यामुळे त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला डावीकडे, उजवीकडे, थांब आणि दोन-तीन शिव्या एवढं भांडवल पुरत होतं, आणि दादा मुळातच काटकसरी.

वहिनी पहिल्यांदा नापास झाल्या त्याचं श्रेय मात्र वन्संना द्यायला हवं. वन्सं ही दादांची धाकटी बहीण. दादांच्या मागून, पण वहिनींच्या आधी, नवऱ्यापाठोपाठ इथे आलेली आणि ही परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झालेली. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी तिने लगेच आपल्या दिवाणखान्यात शिकवणी काढली. "घरच्या माणसाकडून फी कसली घ्यायची, वहिनी? जाताना तेवढी भांडी विसळून ठेवा," असं तिचं मोठं मन.

तिची पद्धत एकच. उत्तरं पाठ करायची आणि जाऊन ओकायची.

"छंद विचारला की पोहणं सांगायचं. भारदस्त वाटतं."

"पण मला पोहता कुठे येतं, वन्सं?"

"परीक्षा इंग्रजीची आहे वहिनी, पाण्याची नाही."

वहिनींनी पोहण्यावर भलाथोरला परिच्छेद पाठ केला. परीक्षकाने तो निमूट ऐकला आणि कौतुकाने विचारलं, "वा! कुठे जाता पोहायला?" हे काही वन्संनी लिहून दिलं नव्हतं. "एकट्याच जाता की कुणाबरोबर?" हेही नव्हतं. छंद सांगून झाल्यावर पाचच मिनिटांत त्या बुडाल्या. वन्संचा निकाल असा की पाठांतर कच्चं राहिलं.

दुसऱ्या खेपेला वन्सं इरेला पेटली. तिने पोहणं काढून पर्यावरण घातलं, छोट्या आणि सुखी कुटुंबावर नवा परिच्छेद लिहिला, आणि वर हुकूम सोडला: परीक्षा होईपर्यंत या घरात मराठी बंद. चुकून एक शब्द निघाला तरी तिला कळवायचं. कळवायला लेक होतीच. तिची चंगळ झाली, कारण आईबाप रागावायला तोंड उघडत आणि शब्द शोधत बसत, तोवर ती खेळायला पसार. दादांचं भांडवल पहिल्याच आठवड्यात संपलं. डावीकडे-उजवीकडे करून संसार किती होणार? ते टीव्हीसमोर मौनात बसू लागले. वहिनी वृद्धाश्रमात बडबडून येत आणि घरात पाऊल टाकलं की मुक्या होत.

त्याच दिवसांत वहिनींची आई गेली.

भावाचा फोन आला तेव्हा त्या कपडे घडी करत होत्या. "हं... हं..." एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. जायचा प्रश्नच नव्हता. पासपोर्ट परवान्याच्या अर्जासोबत कचेरीत पडलेला, आणि अर्ज तिथे असताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज बाद. दादा जवळ आले, दारातल्या लेकीकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सॉरी." पुढचं इंग्रजी त्यांना येत नव्हतं. वाईट माणूस नव्हता हो, पण नियम म्हणजे नियम. वन्सं धावत आली, तिने शोक व्यक्त करायचं लांबलचक छापील वाक्य म्हटलं आणि वर सांगितलं, "हे पाठ करून ठेवा वहिनी, परीक्षेत विचारतात." दुसऱ्या दिवशी वहिनी नेहमीसारख्या ड्यूटीवर गेल्या. अशा वेळी माणसाला आपल्या भाषेत हंबरडा फोडू द्यावा, एवढी अक्कल त्या घरात कुणालाच नव्हती, आणि हे लिहिताना मला अजून त्यांचा राग येतो.

परीक्षेच्या दिवशी वहिनी ड्यूटी उरकून परस्पर गेल्या. खोली टिचभर, एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग, आणि मध्ये आवाज टिपणारं यंत्र, त्याचा लाल दिवा. समोर परीक्षक बाई, निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा गळ्यात लोंबणारा. त्यांनी यंत्र सुरू केलं, पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि त्यांना ठसका लागला. साधासुधा नाही, डोळ्यांत पाणी आणणारा.

आता म्हातारं माणूस ठसकल्यावर वहिनींचं डोकं चालत नाही, हात चालतात. त्या उठल्या, पेला भरला, एक हात बाईंच्या पाठीवर ठेवला आणि अर्ध्या बहिऱ्यांशी बोलायचा जो ठेवणीतला आवाज होता, तो लावला. "आपण आता पाणी पिऊ या! घाई नाही करायची! एक घोट! शाब्बास! अजून एक!"

परीक्षक बाई मुकाट्याने प्यायल्या.

"बरं वाटलं ना आपल्याला? सकाळी खाल्लं का काही?"

"चहा घेतला फक्त," बाई बोलून गेल्या.

"नुसता चहा! असं नाही करायचं. आणि पाय असा लांब का ठेवलाय? गुडघा दुखतोय?"

मग बाईंनी गुडघ्याचं सांगितलं. इथले जिने सांगितले, डॉक्टरचा दीडशहाणेपणा सांगितला, दूर राहणाऱ्या बहिणीशी कशावरून बिनसलं तेही सांगितलं. वहिनी खुर्ची जवळ ओढून "असं का!", "मग आपण काय केलं?" करत ऐकत होत्या. परीक्षा कोण देतंय आणि घेतंय कोण, याचा यंत्राला पत्ता नव्हता. ते बापडं टिपत होतं. अखेर बाईंचं लक्ष लाल दिव्याकडे गेलं. त्या सावरून बसल्या आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मुलाखत तुमची आहे. तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा."

वहिनींनी खुर्ची उचलली. त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या आणि वन्संचा परिच्छेद म्हणू लागल्या. माझं कुटुंब छोटं आणि सुखी आहे. आम्ही पर्यावरणाची काळजी घेतो. माझी आई फार प्रेमळ आहे, तिला बागकामाची आवड आहे...

आणि तिथे त्या थांबल्या. पाठांतर पक्कं होतं, पुढचं वाक्य जिभेवर होतं, पण ते बाहेर येईना.

"हे माझ्या नणंदेचं वाक्य आहे," त्या म्हणाल्या. "माझी आई वारली."

"कधी?" बाईंनी विचारलं.

मग वहिनी बोलल्या. काळ चुकले, क्रियापदं पडली, पण त्या थांबल्या नाहीत. आईला बागकाम-बिगकाम काही माहीत नव्हतं, ती शाळेत शिपाई होती, पोरं तिला वचकून असत, हे सांगितलं. पासपोर्ट कुठे होता ते सांगितलं. भावाने फोनवर तिचा चेहरा दाखवू का विचारलं आणि आपण नको म्हटलं, हेही सांगितलं. "घरी मला कुणी काही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "विचारायचं तर इंग्रजीत विचारायला लागलं असतं." डोळ्यांतून टिपूस नाही. ड्यूटी संपताना पुढच्या पाळीच्या बाईला म्हाताऱ्यांची नोंद द्यावी तसं सगळं क्रमाने सांगितलं. टेबलावरची वेळ संपल्याची घंटी वाजली, तेव्हा बाईंनी घंटीवर हात दाबून धरला आणि बोलणं पुरं होऊ दिलं.

निकाल लागला. वहिनी पास, आणि पास म्हणजे काय, भरघोस पास. सरकारी शेरा होता: बोलण्याचा ओघ उत्तम, वैयक्तिक अनुभव सांगण्याची हातोटी विशेष उल्लेखनीय. आई गेल्याचं दुःख सरकारदरबारी असं पहिल्या श्रेणीत आलं.

वन्सं संध्याकाळी हजर. "कुटुंबच आलं ना? बघा, मीच घालून दिला होता विषय!" मग तिने खोदून खोदून विचारलं, काय बोललात, किती बोललात. आईचं सांगितल्याचं कळल्यावर तिने हातातली कपबशी खाली ठेवली. वाटलं, हिला काहीतरी उमगलं. "अगोबाई," ती म्हणाली, "म्हणजे अशाला जास्त गुण देतात होय? बाकीच्यांना सांगायला हवं." आणि पुढच्याच तुकडीपासून तिच्या दिवाणखान्यात एकेकाचे धडधाकट आईबाप पटापट वारू लागले.

निघताना वन्संनी उदार होऊन घरातली बंदी उठवली. "आता बोला पोटभर मराठीत." दादांना तर कंठ फुटला. गोदामातल्या मुकादमापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत साठलेलं सगळं त्यांनी एका दमात बोलून टाकलं. वहिनी कपबशा विसळत ऐकत होत्या.

"पण काय गं," दादा म्हणाले, "तू त्या बाईशी एवढं बोललीस तरी काय?"

"सांगितलं ना वन्संना. आईचं."

"हो, पण म्हणजे काय? नीट सांग की. आता मराठीत सांगायचंय."

वहिनींनी नळ बंद केला. परीक्षेत सगळं सांगून झालं होतं, क्रमही ठरलेला होता. पण ते सगळं परक्याच्या शब्दांत. आपल्या शब्दांत त्यांनी ते अजून एकदाही म्हटलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आई गेली हो माझी."

आणि मटकन खाली बसल्या. रडण्याचा आवाज ऐकून लेक धावत आली आणि दारातच थबकली. दादा बायकोशेजारी ओल्या फरशीवर बसले.

"काय झालं होतं गं आईंना?" त्यांनी विचारलं.