गर्डरखालचा माणूस

क्रेनवाल्याला केबिनमधून खालचं काही धड दिसायचं नाही. दिसायचा तो बायकोच्या भावाचा, मेव्हण्याचा हात. मेव्हणा सिग्नलवाला. त्याचा हात वर गेला की लोखंडी गर्डर उचलायचा, खाली आला की सोडायचा. दोघांचं इतकं जमलेलं, की यार्डातले लोक म्हणत, हा घरीसुद्धा मेव्हण्याच्या हाताकडे बघूनच घास गिळत असणार.

एक दिवस ऊन कलताना गर्डरखाली एक हमाल चिरडला.

मग तो एकटा माणूस तीन तऱ्हांनी मरू लागला. मुकादम म्हणाला, गडी नको तिथे शहाणपणा करून खाली घुसला. मालकाचं मीठ खाल्लेला तो, दुसरं काय म्हणणार? मेव्हण्याने मात्र छाती काढून सांगितलं, हात मीच खाली केला. बहीण रडली, तुरुंगात सडशील म्हणाली, पण तो हटेना.

काचेवर ऊन आल्याने क्रेनवाल्याला हात दिसलाच नव्हता. नेहमी इथेच हात खाली येतो, म्हणून त्याने सवयीने गर्डर सोडायचा दांडा ओढला होता. गप्प बसला तर मेव्हणा आत जाणार.

चौकशीच्या खोलीत हमालाची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिच्या देखत क्रेनवाल्याने सगळं सांगून टाकलं. मेव्हणा ताडकन उठला.

"दाजी, माझ्या हाताशिवाय तुमचा दांडा हलतो, असं सांगता चारचौघांत?"

"हलला, बाबा."

"नाही हलला. मी हात केला, तुम्ही पाहिलात."

हे त्याने इतकं ठासून सांगितलं, की क्रेनवाल्याच्या डोळ्यांसमोर खरंच उन्हातून एक हात खाली आला. तो चाचरला. चौकशी करणाऱ्या साहेबाला तेवढंच हवं होतं. तो म्हणाला, हे दोघे एकमेकांना खोटं पाडतात, तेव्हा मुकादम म्हणतो तेच खरं. चूक मेलेल्याची. गुन्हा कबूल करणारे दोघे समोर उभे, आणि दोष मढ्याच्या माथी.

मेव्हणा सुटला. क्रेनवालाही सुटला. हमालाची बायको दारात आडवी आली.

"पोरं विचारतील, बाप कशाने गेला. काय सांगू?"



मेव्हण्याने बहिणीकडे येणं टाकलं. पुढच्या आठवड्यात मेलेल्या हमालाच्या जागी हमालाचाच सख्खा भाऊ कामाला लागला. गर्डर डोक्यावर आला तरी तो बाजूला झाला नाही. मान वर करून केबिनच्या काचेकडे बघत राहिला. क्रेनवाल्याची बोटं दांड्यावर आखडली, दांडा काही हलेना.