मतदान न घेता मिळालेलं पाणी

हवामान बदलाच्या परिषदेत मतदान होत नाही, हे मला दिल्लीला जाईपर्यंत माहीत नव्हतं. चेन्नईतल्या एका पर्यावरण संस्थेत मी अहवाल लिहायचे. परिषदेत रोज काय घडतं ते टिपायला संस्थेने मला पाठवलं होतं. तिथे जगभरचे देश एका मसुद्यावर बसतात. जो शब्द कोणाला पटत नाही त्याला चौकोनी कंस घालायचा आणि पुढे जायचं. कंस उरले की भांडणाऱ्यांना तेवढं बाजूच्या खोलीत पाठवायचं. कंस सुटले की अध्यक्ष विचारतात, "कोणाची हरकत?" कोणी बोललं नाही की हातोडी आपटतात. झालं मंजूर. हात मोजायचेच नसल्यामुळे एखादं एवढंसं बेटही अख्खी परिषद अडवून धरू शकतं.

मला हा सगळा वेळखाऊपणा वाटला होता. पुढच्याच उन्हाळ्यात मत बदललं.

त्या वर्षी चेन्नईत पाणी आटलं. तिरुवान्मियूरमधली आमची इमारत बोअरवेलवर चालायची, आणि बोअरला आता खारट, तेही थोडंच पाणी येत होतं. गच्चीवरची टाकी अर्धीच भरायची. खालच्या दोन मजल्यांच्या नळांना जोर असल्याने ती तिथेच रिकामी व्हायची. आम्ही सर्वांत वर राहणारे, मागाहून आलेले. आमच्या नळातून नुसती हवा. मी ऑफिसला जाण्याआधी लॉरीच्या, म्हणजे टँकरच्या, पाण्यासाठी रांगेत उभी राहायचे आणि घागरी जिन्याने वर आणायचे. तळमजल्यावर एक वकील राहत. त्यांच्या बागेला मात्र पंपावरून थेट पाइप होता. तो बंद झाला तरच आम्हाला पाणी मिळणार, हे स्पष्ट होतं.

"कपात करायची तर सगळ्यांनी सारखी," वकील म्हणाले. "वॉशिंग मशीन तुमच्याकडे आहे, मॅडम. आमच्याकडे मोलकरीण धुते."

"आणि बोअर आटवली कोणी, सार? आम्ही आलो तेव्हाच पाणी खोल गेलं होतं."

दिल्लीत श्रीमंत आणि गरीब देश हेच भांडत होते, फक्त धुरावरून.

शेजारी नाशिकचा एक इंजिनियर राहायचा. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात कामाला होता. तो म्हणाला, "काकू, असोसिएशनची मीटिंग बोलवा. मतदान घेऊन टाकू."

"मोजून बघ आधी. खालची बिऱ्हाडं जास्त आहेत. मतदान घेतलं की आपण मेलो."

मी असोसिएशनच्या अध्यक्षांकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे तमिळ गृहस्थ. म्हटलं, "सार, आपण दिल्लीसारखं करू. मतदान नको, एकमत करू."

"एकमत? या इमारतीत? अय्यो, जिन्याला रंग कोणता द्यायचा ते अजून ठरत नाहीये!"

"तिथे अध्यक्षांच्या हातात हातोडी असते, सार."

त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "खरी?"

"लाकडी. आपटली की विषय संपला."

माझ्या खलबत्त्यातला बत्ता मी त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो हातात तोलून पाहिला आणि रविवारची मीटिंग लावली.

इडल्या खाऊन सगळे खाली पार्किंगमध्ये जमले. मी मसुदा वाचला. बघता बघता तो कंसांनी भरला. 'बाग' कंसात, 'मशीन' कंसात, 'आधी' आणि 'जास्त' तर लगेचच कंसात. दुपारपर्यंत बरेचसे सुटले. उरलेल्यांसाठी मी वकिलांना आणि इंजिनियरला पंपाच्या खोलीत पाठवलं. तिथे पंखा नव्हता. दोघं घामाने निथळत बाहेर आले तेव्हा मसुदा असा झाला होता: कपात सगळ्यांना, पण ज्यांनी वर्षानुवर्षं उपसा केला त्यांना आधी आणि जास्त, बागेचा पाइप पाऊस येईपर्यंत बंद, मशीन पाळीपाळीने.

"पण मी याला हो म्हटलेलं नाही," वकील मोठ्याने म्हणाले.

मी कागदातून डोकं वर काढलं. त्यांची बायको तळमजल्याच्या खिडकीच्या गजांशी उभी होती. बाग तिची होती.

दिल्लीत असे प्रतिनिधी मी पुष्कळ पाहिले होते. त्यांना ठराव अडवायचा नसतो. आपण अडवायला गेलो होतो, हे घरी कळायला हवं असतं. मी अध्यक्षांजवळ वाकले. "सार, हरकत विचारा, लगेच कागदात बघा आणि आपटा. मग त्यांना हवं तेवढं बोलू द्या."

"हे बरोबर आहे का, मॅडम?"

"तिथले मोठमोठे अध्यक्ष असंच करतात."

"कोणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं, कागदात डोकं घातलं आणि टेबलावर बत्ता हाणला. चहाचे पेले उडाले. वकिलांचा हात अर्ध्यावरच राहिला.

"मंजूर!"

"सार, मी हात वर—"

"तुमची हरकत इतिवृत्तात घेऊ. बोला, सविस्तर बोला."

वकील बोलले. मोगऱ्यावर बोलले, न्यायावर बोलले, वरच्या मजल्याच्या चैनीवर बोलले, आणि सगळं खिडकीकडे तोंड करून. मी लिहीत राहिले. बोलून झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "सगळं घेतलंत ना?"

"शब्दन् शब्द, सार."

"मग ठीक आहे." ते पंपाच्या खोलीत गेले आणि बागेच्या पाइपची चावी स्वतःच्या हाताने फिरवून बंद केली.

इंजिनियर माझ्या कानाशी म्हणाला, "काकू, हे तर हरलेच की."

"कोणी हरलं नाही. हे पुन्हा बोलू नकोस, नाहीतर पाइप परत सुरू होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातला नळ सोडला. आधी खाकरला, मग गढूळ पाणी आलं, मग बोटाएवढी स्वच्छ धार लागली. बाहेर इंजिनियर दार बडवत होता. "काकू, आलं! आलं!"

"ओरडू नकोस, भरून घे!" मी आतूनच सांगितलं.

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मी डोक्यावरून न्हाले, अगदी सावकाश, आणि ऑफिसला ओल्या केसांनी उशिरा पोचले.